चुकीच्या पत्त्यावर गेलेली प्रार्थना

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तामरै अपार्टमेंट्सच्या ई-ग्रुपवर एक मेल आली. तिच्या आधीची मेल पाण्याच्या लॉरीबद्दल होती, नंतरची बी ब्लॉकच्या लिफ्टबद्दल. मधली ऋजुताच्या मुलीबद्दल होती.

मेल इंग्रजीत होती, सहा ओळींची. ए-२३ मधल्या अवनीसाठी प्रार्थना करावी. वय पाच. काल दुपारी तिला सात आठवड्यांनी पुन्हा फिट आली, साडेतीन मिनिटं टिकली. आईवडील दोघंही नोकरीला जातात. ते आपल्या विश्वासातले, म्हणजे ख्रिस्ती, नाहीत. ज्ञानसेल्वी अक्काला मुलीची काळजी घ्यायला बळ मिळो. खाली ग्रुपच्या रिवाजाप्रमाणे नाव आणि घर नंबर: देवसहायम, सी-११.

ऋजुता तरमणीच्या ऑफिसात, आपल्या जागेवर बसून ते वाचत होती. तिने ते तीनदा वाचलं. सोमवारची फिट तिला ठाऊक होती; अवनीला दुपारी सांभाळणाऱ्या ज्ञानसेल्वी आंटींनी लगेच फोन केला होता. पण तामरैच्या तीन ब्लॉकमधल्या शहाण्णव घरांना ती ठाऊक व्हावी, असं कुणी ठरवलं नव्हतं. अवनीला आकडी येते हे या इमारतीत फक्त एका बाईला सांगितलेलं होतं. ते सांगावं लागलं म्हणून सांगितलं होतं, आणि ते गुपित ठेवण्याला कारण होतं. अण्णा नगरला राहत असताना तिथल्या बालवाडीत अवनीला एकदा फिट आली, आणि आठवड्याच्या आत बाईंनी गोड शब्दांत मुलीला घरी ठेवायला सांगितलं. त्यानंतरच ऋजुता आणि अनय शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेलचेरीला, आले. इथे कुणाला काही बोलायचं नाही, हे नवऱ्याबायकोत ठरलेलं होतं.

ज्ञानसेल्वी आंटी ए-२ मध्ये, तळमजल्यावर राहत. वय सदुसष्ट. तीस वर्षं एका मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या, नवरा गेल्यावर एकट्या. दुपारी साडेबाराला शाळेची व्हॅन अवनीला त्यांच्या दारात सोडायची आणि संध्याकाळी सातला ऋजुता तिला वर न्यायची. अवनी त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायची आणि मराठीपेक्षा तमिळ सफाईने बोलायला लागली होती. फिट आली की आंटी तिला कुशीवर वळवत, मनगटातलं घड्याळ बघत आणि वेळ पाठ करून ठेवत. आठ महिन्यांत एकाही फिटची वेळ त्यांच्याकडून चुकली नव्हती. ऋजुताला स्वतःला घड्याळ बघायचं सुचतही नसे.

आंटी ख्रिस्ती आहेत हे ऋजुताला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. भिंतीवर येशूचं कॅलेंडर होतं. पण ख्रिस्ती लोकांबद्दलचं तिचं मत आंटींवरून झालेलं नव्हतं. ते दोन वर्षांपूर्वी एका वेबसाइटवर झालं होतं. फिट येणाऱ्या मुलांच्या आयांसाठी तिथे एक चर्चेचं पान होतं. ऋजुताने धीर करून अवनीबद्दल लिहिलं, औषधाच्या मात्रेबद्दल विचारलं. पहिलं उत्तर आलं ते असं की, हा आजार नसून मुलीच्या अंगात शिरलेलं काहीतरी आहे आणि घरातल्या मूर्ती काढल्याशिवाय ते जाणार नाही. त्याखाली आणखी चौघांनी 'आमेन' लिहिलं होतं. तिने ते पान बंद केलं ते कायमचं. तेव्हापासून तिच्या डोक्यात दोन खण होते: एकात 'ते लोक', दुसऱ्यात ज्ञानसेल्वी आंटी. मंगळवारी अकरा वीसला मधली फळी निखळली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या मेलवर चौदा उत्तरं आली. बी-३१ ने विचारलं, हा आजार संसर्गजन्य आहे का, कारण मुलं एकाच घसरगुंडीवर खेळतात. ए-१४ ने लिहिलं की, धर्मांतर कसं चालतं याचा याहून चांगला नमुना मिळणार नाही: आधी पोर सांभाळायचं, मग प्रार्थना, मग बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून काढायचं. त्यावर सी-३० तुटून पडला. हा माणूस देवसहायम यांच्याच चर्चमधला. त्याने लिहिलं की आजारी मुलीसाठी प्रार्थना केली यात चुकलं काय, उलट आभार मानायला हवेत. दगडापुढे नारळ फोडून कुणाची फिट थांबल्याचं त्याने तरी ऐकलेलं नाही. मग काय, पाण्याची लॉरी आणि लिफ्ट दोन्ही बाजूला राहिली.

ग्रुपचे मॉडरेटर पुरुषोत्तमराव, तंजावरचे मराठी, रेल्वेतून निवृत्त. संध्याकाळचा फेरफटका झाल्यावर दिवसातून एकदा मेल बघायची हा त्यांचा नेम. तोपर्यंत भांडण मोकाट सुटलेलं होतं.

ऋजुताने अनयला फोन लावला. तो श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात होता, मागे यंत्रांचा आवाज येत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंटींनी स्वतः लिहिलंय का?"

"त्यांना कॉम्प्युटर चालू तरी करता येतो का? त्यांनी सांगितलं, त्याने लिहिलं. फरक काय पडतो?"

संध्याकाळी ती वर न जाता थेट ए-२ मध्ये गेली. आंटींना दिवसभरातलं काहीच माहीत नव्हतं. त्या अवनीला डोसा भरवत होत्या. ऋजुताने ग्रुपवरच्या मेलचा छापून आणलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. आंटींनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. दर मंगळवारी देवसहायम प्रार्थनेच्या गटाला मेल पाठवतात, त्या म्हणाल्या, गटात तेवीस माणसं आहेत, ज्याला जे मागायचं ते त्यांना सांगायचं. ही गटाला जायची होती. इथे कशी आली कळत नाही.

"म्हणजे तेवीस जणांना माहीत होतं," ऋजुता म्हणाली. "कधीपासून?"

"तू तिला माझ्याकडे सोडलंस तेव्हापासून."

त्यानंतर ऋजुता जे बोलली ते मराठीत बोलली, कारण तेवढं तमिळ तिला येत नव्हतं आणि इंग्रजी सुचत नव्हतं. शेवटचं वाक्य मात्र तिने इंग्रजीत म्हटलं, की उद्यापासून अवनी येणार नाही. आंटींनी अवनीचं दप्तर, औषधाचा डबा आणि बदलायचे कपडे एका पिशवीत भरून दिले. दारात अवनीने गुड नाइट म्हटलं, तेव्हा त्यांनी फक्त हात हलवला.

रागाच्या भरात ठरवलेल्या गोष्टीचा हिशेब बुधवारी सकाळी लागला. ऋजुताने रजा टाकली होती, पण मॅनेजरने शुक्रवारपर्यंतचीच दिली. सोमवारी अमेरिकेतल्या ग्राहकाकडे नवी प्रणाली चालू व्हायची होती आणि त्या दिवशी ती जागेवर हवी होती. अनयच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्या सांगलीहून येऊ शकत नव्हत्या. तिने तीन पाळणाघरांना फोन केले. फिटचं सांगितल्यावर दोघींनी नाही म्हटलं, तिसरीने विचार करून कळवते म्हटलं आणि कळवलं नाही. सोमवारपर्यंत माणूस मिळालं नाही तर नोकरी सोडायची, एवढं उघड होतं. घराचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला होता, आणि त्याहूनही, ती नोकरी तिला आवडायची.

त्याच सकाळी ग्रुपवर देवसहायम यांची दुसरी मेल आली होती. पहाटे सहा दहाची. हे गृहस्थ गणिताचे मास्तर होते आणि त्यांची माफीही एखाद्या गणितासारखी पायरीपायरीने मांडलेली होती. दोन्ही गटांची नावं 'तामरै'ने सुरू होतात. पहिली अक्षरं टाइप केल्यावर कॉम्प्युटरने पत्ता पुरा केला आणि मी न बघता बटण दाबलं, ही माझी चूक. पण ही लहान चूक आहे. मोठी चूक ही की, एका मुलीचं नाव आणि आजार मी तिच्या आईवडिलांना न विचारता कुणालाही लिहिला. मेल योग्य पत्त्यावर गेली असती तरी ती चूकच असती. आजार संसर्गजन्य नाही, हे बी-३१ यांनी कोणत्याही डॉक्टरकडून समजून घ्यावं. ए-१४ रागावले आहेत. त्यांना तसं वाटायला मी जागा दिली.

शेवटचा परिच्छेद सी-३० साठी होता. 'तुम्ही माझ्या बाजूने लिहिलं असं तुम्हाला वाटतं. तुम्ही शेजाऱ्यांच्या देवाला दगड म्हटलंत. आपण दोघं रविवारी एकाच बाकावर बसतो आणि या ग्रुपवरच्या शहाण्णव घरांना आपल्या चर्चबद्दल तुम्ही लिहिलंत तेवढंच माहीत आहे. माझा बचाव करू नका. माफी मागा.'

ऋजुताने ते अनयला वाचून दाखवलं.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला.

"मास्तर आहेत. लिहिणारच."

संध्याकाळी देवसहायम स्वतः आले. सोबतीला पुरुषोत्तमराव होते. दोघांनीही चपला दाराबाहेर अगदी ओळीत काढल्या. पुरुषोत्तमरावांनी आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत सांगितलं की ग्रुपवरून सगळा गोंधळ त्यांनी पुसून टाकला आहे, मात्र घराघरांतल्या पेट्यांत गेलेल्या मेलला त्यांचा इलाज नाही, आणि आपण दिवसातून एकदाच बघतो याची त्यांना लाज वाटते. देवसहायम खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी पुन्हा माफी मागितली नाही, हे ऋजुताच्या लक्षात आलं. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून टीपॉयवर ठेवली. प्रार्थनेच्या गटाचा पासवर्ड होता.

"तुम्हाला मी गटाचं मॉडरेटर केलंय," ते म्हणाले. "आठ महिन्यांत तुमच्या मुलीबद्दल काय काय लिहिलं गेलं, ते तुम्ही वाचलं पाहिजे. जे पुसायचं ते पुसा. सगळा गट बंद केलात तरी चालेल. लोकांना मी कळवलं आहे."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"दोघांनी गट सोडला," देवसहायम म्हणाले. "बाकी एकवीस आहेत."

गुरुवारी सकाळी, शाळेला न पाठवलेली अवनी चित्रं रंगवत असताना, ऋजुताने तो गट उघडला. मुलीचं आणि अक्काचं नाव घालून शोधलं. एकतीस मेल. ती सरळ पहिल्या मेलपासून वाचायला लागली, चुका शोधायला बसावं तशी. आपल्याला काय सापडणार याची तिला खात्री होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या मेलमध्ये नाव नव्हतं, फक्त 'अक्काकडे येणारं एक मूल' एवढंच. नाव डिसेंबरात आलं. कुणीतरी विचारलं होतं आणि देवसहायम यांनी सांगून टाकलं होतं. प्रत्येक फिटची तारीख होती, वेळ होती, मिनिटं होती. फिट नसलेल्या आठवड्यांचीही नोंद होती, एका ओळीत: या आठवड्यात काही नाही, देवाचे आभार.

नोव्हेंबरात वेलचेरीत गुडघाभर पाणी साचलं होतं, त्या आठवड्याची मागणी ऋजुतासाठी होती, अक्काच्याच शब्दांत. मुलीची आई पाण्यातून चालत साडेआठला आली, दिवसभर जेवली नव्हती, मी दिलेला उपमा उभ्याने खाल्ला. तिच्या मॅनेजरला देव थोडी समज देवो. ऋजुताला तो उपमा आठवत नव्हता. मॅनेजर आठवत होता.

जानेवारीत अवनीच्या मनगटातला काळा दोरा अंघोळ घालताना सुटला होता. अक्काने तो धुऊन, वाळवून पुन्हा बांधला, दुहेरी गाठ मारून. हे त्यांनी देवसहायम यांना सहज बोलता बोलता सांगितलं असावं आणि मास्तरांनी ते सवयीप्रमाणे लिहून टाकलं. त्यावर गटातल्या एका बाईने विचारलं की विश्वासातल्या माणसाने असले दोरे बांधावेत का. उत्तर एका ओळीचं होतं. अक्का सांगते, तो तिच्या आईने बांधलेला आहे.

फेब्रुवारीत तीच बाई पुन्हा आली. या मुलीच्या आजारातून देव तिच्या आईवडिलांना हाक मारत असेल, तिने लिहिलं होतं, आपण त्यासाठीही प्रार्थना करू या. ऋजुताचा हात माऊसवर थांबला. हेच ती शोधत होती. तिने खालची मेल उघडली. देवसहायम यांनी वर लिहिलं होतं, अक्का बोलते आहे, मी फक्त लिहितो.

'मी मुलीच्या फिट थांबाव्यात म्हणून मागितलं. तिच्या आईवडिलांबद्दल काही मागितलेलं नाही. त्या बाईने माझ्या भरवशावर पोर ठेवलं आहे. पोराच्या आडून मी तिच्या देवघरात हात घालायला लागले तर मी चोर ठरेन. तीस वर्षं मी रात्रंदिवस पेशंट बघितले, कुणाची जात-धर्म बघून सलाईन लावलं नाही. ज्यांना दुसरं काही मागायचं आहे त्यांनी या मुलीसाठी प्रार्थना करू नये. तुमच्यावाचून आम्ही अठरा-वीस जण आहोत, तेवढे पुरे.'

त्याखाली त्या बाईने लिहिलं होतं, चुकले अक्का. मग पुढच्या मंगळवारी नेहमीसारखं: या आठवड्यात काही नाही.

हे लिहिताना कुणी बाहेरचं बघत नव्हतं. तिथे ऋजुता नव्हती, ए-१४ नव्हता. ऋजुता खुर्चीत मागे टेकून बसली. अवनीने हत्ती जांभळा रंगवला होता. तो दाखवायला ती आली आणि आईच्या मांडीवर चढून बसली.

दुपारपर्यंत ऋजुताने एकतीसही मेल आपल्याकडे उतरवून घेतल्या आणि गटावरून पुसून टाकल्या. सगळ्या, अक्काचं उत्तरसुद्धा. मुलीबद्दलचं होतं म्हणजे जायलाच हवं होतं. मग तिने स्वतःला मॉडरेटरपदावरून काढलं आणि चिठ्ठी फाडली.

आपल्या पेटीतल्या खाजगी मेलकडे तिने दोन दिवस बघितलंच नव्हतं. तिथे बी-१७ ची मेल होती, फक्त तिच्या नावाने. माझ्या मुलाला सहा वर्षांपासून हेच आहे, इमारतीत कुणाला माहीत नाही, तुम्ही कोणत्या डॉक्टरांकडे जाता? ऋजुताने अड्यारच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर लिहून पाठवला, आणि पाठवल्यावर तिला हसू आलं. दोन वर्षं जे झाकायला ती धडपडत होती, ते उघडं पडून दोन दिवस झाले होते आणि घराचं छत जागेवर होतं. ग्रुपवर सी-३० ने दोन ओळींत माफी मागितली होती. ओळी ताठर होत्या, पण होत्या. त्याखाली ए-१४ ने लिहिलं होतं की त्याची काही मतं तशीच आहेत, मात्र सी-११ यांनी आपल्याच माणसाला चारचौघांत जे सुनावलं ते आपल्याच्याने आपल्या माणसांबाबत झालं नसतं, आणि पाण्यात बुडवण्याबद्दल लिहिलेलं तो मागे घेतो. मग बी-३१ ने लिफ्टचं काय झालं ते विचारलं.

शनिवारी सकाळी ऋजुता ए-२ च्या दारात उभी राहिली. आंटींनी दार उघडलं, आत या म्हटलं नाही, पण बाजूला झाल्या.

"मी सगळं वाचलं," ऋजुता म्हणाली.

"मास्तरांनी सांगितलं. पुसूनही टाकलंस म्हणे."

"हो."

"बरं केलंस." आंटी मोरीजवळ जाऊन हात धुऊन आल्या. "नाव द्यायला नको होतं. ते माझं चुकलं. तुला विचारायला हवं होतं, तेही चुकलं. पण मंगळवारी तू मला का ते विचारलंच नाहीस. पिशवी उचललीस आणि गेलीस. आणि मराठीत बोललीस म्हणजे मला कळणार नाही असं समजू नकोस. आठ महिने तुझ्या पोरीबरोबर काढलेत मी. सगळं कळलं."

ऋजुताला मंगळवारी आपण काय काय बोललो ते आठवलं. सगळं नसेल कळलं, असं ती पुटपुटली.

"'ढोंगी' कळलं," आंटी म्हणाल्या. "अवनीला अर्थ विचारला."

"काय सांगितलं तिने?"

"जी मांजर झोपल्यासारखं करते आणि मग दूध पिते, ती."

ऋजुता हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बिघडला, तेव्हा ती तिथेच स्टुलावर बसली. आंटींनी तिला कॉफी दिली. वाटीत पेला ठेवून, तिकडच्या पद्धतीने, नेहमीसारखी.

कॉफी संपल्यावर ऋजुताने अटी सांगितल्या. नाव कुठेही जाणार नाही, मेलमध्ये नाही, चर्चमध्ये नाही, फोनवर नाही. घर नंबरही नाही.

"प्रार्थना करू की तीही नको?"

ऋजुताने या प्रश्नाचा विचार केलेला नव्हता. "करा," ती म्हणाली. "'एक मूल' म्हणा फक्त."

"म्हणेन. देवाला घर नंबर ठाऊक आहे." आंटींनी पेला उचलला. "माझीही एक अट आहे. पुन्हा राग आला तर आधी बस, मग बोल. उभ्याने बोलायचं नाही."

सोमवारी साडेनऊला ऋजुता शेअर ऑटोत बसली. मांडीवर लॅपटॉप, शेजारी कॉलेजातल्या तीन मुली, रस्त्यावर नेहमीचा खोळंबा. नवी प्रणाली साडेअकराला चालू झाली, पहिल्या तासात दोनदा अडली आणि मग सुरळीत चालू लागली. एक वाजता फोन वाजला. पडद्यावर आंटींचं नाव होतं. ऋजुता उठून थेट कॉरिडॉरमध्ये गेली.

"बरी आहे," आंटी आधीच म्हणाल्या. फोन उचलल्यावर पहिले दोन शब्द कोणते हवेत हे त्यांना नर्स म्हणून माहीत होतं. "शाळेतून आली, हातपाय धुतले. पण सांबार खात नाही. पिठलं पाहिजे म्हणते. ते काय असतं? मी म्हटलं आपल्याकडे नाही, तर रुसून खाटेखाली बसली आहे."

ऋजुता भिंतीला टेकली. बेसन म्हणजे कडलै मावु, तिने सांगितलं, ते आधी पाण्यात कालवायचं, मग फोडणीत मोहरी, हिरवी मिरची, लसूण. आंटी प्रत्येक गोष्ट मोठ्याने परत म्हणत होत्या आणि खाटेखालून अवनी दुरुस्त्या सुचवत होती. मॅनेजर कॉरिडॉरमधून जाताना थांबला, घड्याळाकडे बघून गेला. ऋजुताने त्याला हाताने एक मिनिट अशी खूण केली.

"गुठळ्या झाल्या तर?" आंटींनी विचारलं.

"होणारच पहिल्यांदा," ऋजुता म्हणाली. "तशाच वाढा. ती खाईल."